पट्टीला दिलेली ढील

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बायकोला माहीत नाही. त्या जीपमधून महिनाभर माझ्याबरोबर हिंडलेल्या पोरांना माहीत नाही. एका बाईला माहीत आहे, पण ती तेव्हा बोलली नाही आणि आता बोलेल असं वाटत नाही. मग तुम्हाला का सांगतोय? नीटसं मलाही कळत नाही. तुम्ही मला ओळखत नाही — कदाचित तेवढ्यानेच सांगवतंय.

सांगायला बसलं की गोष्ट आधी फार लहान वाटते. दोन बोटं किंचित सैल सोडली, झालं. नखाच्या काठाएवढी गोष्ट. नऊ वर्षं मी ती तेवढीच ठेवली, वाढू दिली नाही. कधी आठवली की स्वतःला म्हणायचो, अरे, दोन मिलिमीटर! दोन मिलिमीटरने कुणाचं काय होतं?

पण क्रमाने सांगतो. नाहीतर मी असाच कडेकडेने फिरत राहीन.

मी सोलापूरचा. वय त्रेपन्न. एखादी सरकारी योजना चालते, तेव्हा ती खरोखर लोकांच्या उपयोगी पडली का हे तपासायला बाहेरचा माणूस लागतो. तो बाहेरचा माणूस म्हणजे आमची संस्था, आणि संस्थेचा या भागातला पर्यवेक्षक म्हणजे मी. योजना चालवणाऱ्यांना आम्ही नको असतो, गावाला आमचं फारसं सोयरसुतक नसतं. तरी शेवटी आमचाच आकडा खरा धरतात. आमचा त्यात काही स्वार्थ नाही म्हणून.

ती योजना लहान मुलांच्या कुपोषणाची होती. अंगणवाडीच्या नेहमीच्या आहाराशिवाय एक ताजं जेवण, अंडं, शेंगदाण्याचा लाडू. सेविकेने दर महिन्याला मूल मोजायचं, आईला घरी जाऊन समजवायचं. दोन वर्षं. सुरू होताना आम्ही गावोगावची मुलं मोजली होती. दोन वर्षांनी तीच गावं पुन्हा मोजायची होती. योजनेची गावं वेगळी, जिथे योजना नाही ती वेगळी, आणि दोन्हींतला फरक म्हणजे योजनेचं यश. कागदावर किती स्वच्छ वाटतं, नाही?

वजन आणि उंचीचा हिशेब नंतर संगणकावर व्हायचा. जागेवर निकाल देणारी एकच गोष्ट आमच्या खिशात असायची — दंडाला लावायची पट्टी. तीन रंगांची. साडेअकरा सेंटिमीटरच्या आत लाल, त्याच्यापुढे एक सेंटिमीटर पिवळा, मग हिरवा. लाल म्हणजे मूल धोक्यात.

ही पट्टी कशी लावायची ते मी मोजणीला घेतलेल्या पोरांना शिकवत असे. खांदा आणि कोपर यांचा मध्य काढा, हात सैल सोडायला लावा, पट्टी कातडीला टेकली पाहिजे पण रुतता कामा नये. "ओढाल तर धडधाकट पोर आजारी कराल, ढील द्याल तर आजारी पोर बरं कराल," असं मी म्हणायचो आणि पोरं वहीत लिहून घ्यायची. मला त्या वाक्याचा अभिमान होता.

आणखी एक नियम होता. लाल मूल सापडलं की आम्ही तपासणारे उरत नसू. काम थांबवायचं, आईला समजवायचं, मायलेकरांना जीपमध्ये घालून तालुक्याच्या दवाखान्यात भरती करूनच पुढे जायचं. चांगला नियम होता. पण त्यात अर्धा दिवस जायचा — कधी पूर्ण. आई तयार नसायची, सासू आडवी यायची, घरी दुसरं पोर असायचं, दवाखान्यात डॉक्टर राउंडला गेलेले असायचे. त्या मोजणीत मी अशी सात मुलं पोचवली होती. सात. हे मुद्दाम सांगतोय का मी? हो. मुद्दामच सांगतोय. असं काही सांगितलं की पुढचं सांगायला जरा धीर येतो.

शेवटचं गाव अक्कलकोटच्या वाटेवरचं. अर्धं गाव कानडी बोलणारं, पोरं आईला अव्वा म्हणणारी. दिवाळी होऊन गेली होती. गावातली माणसं उसाच्या तोडीला निघाली होती, अकलूजच्या बाजूला, कारखान्यांवर. मारुतीच्या पारापाशी मुकादमाचा ट्रॅक्टर उभा होता. मागे दोन ट्रॉल्या, त्यांत भांडी, गाठोडी, कोंबड्या, आणि वर बसलेली पोरं.

दुपारचे दोन वाजले होते. आमची यादी संपली होती, फक्त एक नाव राहिलं होतं. पोरांनी सामान आवरलं होतं. सरपंचांनी आमच्यासाठी पुरणपोळीचं जेवण केलं होतं. गावात पाण्याशिवाय काही घ्यायचं नाही, हाही माझाच नियम. पण शेवटचा दिवस, शेवटचं गाव. मी हो म्हणून बसलो होतो. सकाळी सहाला सोलापूर सोडल्यापासून पोटात फक्त चहा आणि दोन बिस्किटं.

तेवढ्यात अंगणवाडीच्या सेविका, महानंदाताई, त्या राहिलेल्या नावाला घेऊनच आल्या. भाग्यश्री. वय एकोणीस महिने. आई रेणुका तिला काखेत घेऊन जवळजवळ पळतच आली होती. सकाळपासून ट्रॉली भरण्यात तिचा वेळ गेला होता. जीपमधून काटा पुन्हा काढला. वजन झालं, उंची झाली. पट्टी मीच लावायला घेतली, पोरांना मी पुढे जेवायला पाठवलं होतं.

रेणुका म्हणाली, "सर, नीट बघून सांगा बरं का. लाल आलं तर मी न्हाई जात उसाला. ह्यास्नी तसं सांगून ठिवलंय."

तिचा नवरा शरणप्पा मागेच उभा होता, खांद्यावर गोधड्यांचं गाठोडं. तोडीत नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात. बायको मागे राहिली की गडी अर्धा कोयता, आणि अर्ध्या कोयत्याला मुकादम तोंड वाकडं करतो. तरी तो चिडलेला नव्हता. म्हणाला, "बघा सर, मुकादमापरीस तुमीच मोठं झालाव की! तुमच्या पट्टीवर आमचा संसार हाय आता."

सगळे हसले. मीही हसलो.

महानंदाताई तेवढ्या हसल्या नाहीत. "मागल्या महिन्यात लालच होती सर," त्या म्हणाल्या. "मी लिवलंय वहीत."

मी मध्य काढला, पट्टी लावली. अकरा पॉइंट चार. काढली, पुन्हा लावली. अकरा पॉइंट चार. पोरगी रडली नाही. परका माणूस हात धरतो तेव्हा पोर रडलं पाहिजे, रडणारं पोर बरं असतं — हेही मीच शिकवायचो. ती माझ्या शर्टाच्या बटणाकडे बघत होती. तिचा दंड माझ्या अंगठ्याच्या आणि बोटाच्या वेढ्यात मावून वर जागा उरत होती.

मी अजून आकडा बोललो नव्हतो. जीपमधून आमचे ड्रायव्हर इस्माईलभाई ओरडले, "सर, चलताव का? पोळ्या गार व्हायल्यात! सरपंच दोनदा येऊन गेलाय."

आणि मी तिसऱ्यांदा पट्टी लावली. तिसऱ्यांदा लावायचं काही कारण नव्हतं. दोन वेळा सारखा आकडा आला की तोच लिहायचा असतो. तिसऱ्यांदा लावताना मी दोन बोटं सैल सोडली. पट्टी कातडीवर टेकली नाही, नुसती वेढून राहिली.

"अकरा पॉइंट सहा," मी म्हणालो. "पिवळी आहे."

रेणुकाने विचारलं, "पिवळी म्हंजी? न्यावं का मग?"

मी म्हणालो, "बरी आहे आधीपेक्षा. न्या. खायला-प्यायला घाला नीट."

बघा, आकडा खोटा लिहिला एवढ्यावर मी थांबलो नाही. न्या, असं म्हणालो. ते मला कुणी विचारलं नव्हतं — नाही, तिने विचारलं होतं. विचारलंच होतं तिने. म्हणून तर.

का केलं? नऊ वर्षांत मी याची पुष्कळ उत्तरं तयार केली. एक म्हणजे मी दमलो होतो. ते खरं आहे. दुसरं, योजनेच्या गावात शेवटी शेवटी लाल मूल निघालं तर अहवालाचं काय, असा दबाव माझ्यावर होता. हे खोटं आहे. कुणी दबाव आणला नव्हता. हे कारण मी नंतर शोधलं, कारण त्यात माझ्यापेक्षा दुसरं कुणीतरी मोठं दोषी दिसतं. तिसरं, बाई दवाखान्यात राहिली असती तर नवऱ्याचा हंगाम गेला असता, मी त्यांचं भलंच पाहिलं. हेही खोटं. मला त्या क्षणी त्यांचा हंगाम आठवलासुद्धा नव्हता.

मला भूक लागली होती. एवढंच होतं. पोरगी लाल निघाली असती तर जेवण राहिलं असतं, दवाखाना गाठून घरी पोचायला रात्र झाली असती. उपाशी मुलं मोजायला आलेल्या माणसाला एक वेळची भूक सोसवली नाही.

मी तीन पोळ्या खाल्ल्या. वर तूप. कटाची आमटी झणझणीत होती, मी दोनदा मागून घेतली. हात धूत होतो तेव्हा ट्रॅक्टर सरपंचांच्या दारावरून गेला. मागच्या ट्रॉलीत रेणुका बसली होती, पोरगी मांडीवर. तिने मला पाहिलं आणि मान हलवून निरोप घेतला. मीही ओल्या हाताने घेतला.

पुढचे काही महिने काहीच झालं नाही. अहवाल तयार झाला. योजनेच्या गावांत लाल मुलं कमी झाली होती, आणि खरोखरच झाली होती. एका पोरीच्या आकड्याने तो निकाल बदलला नसता. हे मी तपासून पाहिलं होतं. हो, एकटा बसून, भाग्यश्रीची ओळ लाल धरून सगळं पुन्हा काढून पाहिलं. काही फरक पडत नव्हता. त्या दिवशी मला किती बरं वाटलं म्हणून सांगू? मी त्याला दिलासा म्हणालो. तिची ओळ पुन्हा होती तशी केली.

चैत्रात आम्ही गावांना निकाल सांगायला गेलो. ही पद्धत आहे. ज्यांची मुलं मोजली त्यांना काय निघालं ते सांगायचं. अंगणवाडीच्या ओसरीवर बायका जमल्या होत्या. तोडीची माणसं परत आली होती. मी रंगीत तक्ता भिंतीला लावला आणि म्हणालो, "तुमच्या गावाचं कौतुक केलं पाहिजे. शेवटच्या मोजणीत तुमच्याकडे एकही मूल लाल निघालं नाही."

टाळ्या वाजल्या नाहीत. एक म्हातारी उभी राहिली. ती शरणप्पाची आई, रेणुकाची सासू, हे मला महानंदाताईंनी कुजबुजून सांगितलं. म्हातारी माझ्याकडे बघत नव्हती, भिंतीला टेकून बसलेल्या सुनेकडे बघत होती.

"ऐकलंस का गं? आता सरांच्या तोंडनंच ऐक. एक बी लाल न्हवतं. माझी नात बरी हुती. बरी पोर घेऊन गेली आन् मोकळ्या हातानं आली."

मला तोवर माहीत नव्हतं. वेळापूरच्या पुढे कुठल्याशा फडावर, पौषात, पोरीला जुलाब लागले. दोन दिवस. कोपीतून, त्या पाचटाच्या खोपटातून, दवाखान्यात नेईपर्यंत गेली. पोटाचं दुखणं बऱ्या अंगाचं मूल झेलतं. लाल मूल झेलत नाही. म्हणून तर लाल म्हणायचं त्याला.

रेणुकाने मान वर केली. मला वाटलं ती माझ्याकडे बोट दाखवेल. तिने तसं काही केलं नाही. सासूला म्हणाली, "व्हय की. सरांनीच मापली हुती. बरीच हुती ती." मग माझ्याकडे वळून, जणू मलाच जाब द्यायचा असल्यासारखी, "माझंच ध्यान ऱ्हायलं न्हाई सर. पहाटं तोडीला जायचं, तिला पाचटावर निजवायची. कवा काय पोटात गेलं कळलंच न्हाई. तुमी सांगितलं हुतं, खायला घाला म्हून."

आता सांगा, इथे किती शब्द लागले असते? मी मोजून ठेवलेत. 'ती बरी नव्हती, मी खोटं सांगितलं.' सहा शब्द. ओसरीवर तीसेक बायका होत्या, म्हातारी उभी होती, रेणुका माझ्या तोंडाकडे बघत होती, आणि महानंदाताई — त्याही बघत होत्या. त्या वाट बघत होत्या. मला ते स्पष्ट कळलं. पट्टी सैल सोडली तेव्हा त्या माझ्या उजव्या हाताला, हातभर अंतरावर उभ्या होत्या. हजार दंड मोजलेली बाई. तिला दिसलं नसेल?

मी म्हणालो, "फार वाईट झालं." मग म्हणालो, "तिकडचं पाणी चांगलं नसतं."

महानंदाताई अजून थोडा वेळ थांबल्या. मग पदर खोचत उठल्या आणि म्हणाल्या, "सर, चहा घेताव?"

मी हो म्हणालो.

चहा झाल्यावर त्या मला जीपपर्यंत सोडायला आल्या. तेव्हा त्यांनी सांगितलं, तेही सहज सांगावं तसं. गावचं मूल दगावलं की चौकशी होते. साहेब आले होते. त्यांनी आधीच्या मोजण्या काढल्या. महानंदाताईंच्या वहीत पोरगी लाल, आणि महिन्याभरात आमच्या कागदात पिवळी. दोन्ही खरं कसं असेल? बाहेरच्या संस्थेचा आकडा, म्हणजे तोच बरोबर. सेविकेनेच पट्टी ओढून लावली असणार. ताईंकडून वही दुरुस्त करून घेतली. मृत्यूच्या कारणात जुलाब लिहिलं, आणि खाली शेरा मारला — आईची हयगय.

"माझीच वही चूक निघाली म्हणं," ताई म्हणाल्या आणि थोडं हसल्या.

मला राग आला. खरंच, मला राग आला त्या साहेबांचा. मी म्हणालो, "ताई, तुम्ही काही बोलला कसं नाहीत? तुम्हाला तर माहीत होतं!"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "तुमी बोललाव का?"

एवढंच. मग इस्माईलभाईंना म्हणाल्या, "सावकाश जावा भाऊ, पुढं रस्ता खणलाय."

रस्त्याने मी ठरवलं होतं. घरी गेल्यावर पत्र लिहायचं. चौकशीच्या साहेबांना, आमच्या संस्थेला, एक प्रत गावाला. मजकूरसुद्धा जुळवला होता. घरी गेलो, आंघोळ केली, जेवलो. दुसऱ्या दिवशी दुसऱ्या कामाची बैठक होती. त्या आठवड्यात लिहिलं नाही. मग पुढच्या. मग असं झालं की इतक्या उशिरा लिहिलं तर उशीर का झाला हेही लिहावं लागेल. मग तेही राहिलं.

तो अहवाल आजही वाचला जातो. प्रशिक्षणात त्या गावाचं उदाहरण देतात. दोनदा तर मीच दिलं. मोजणी कशी काटेकोर असावी हे सांगताना.

महानंदाताईंनी पुन्हा कधी विषय काढला नाही. तीन वर्षांनी कुठल्याशा मेळाव्यात भेटल्या, तेव्हा मी विचारलं, रेणुका कशी आहे. सासूने ठेवून घेतली नाही, म्हणाल्या. शरणप्पाने काही दिवस आईशी भांडण काढलं, मग तोही गप्प झाला. रेणुका माहेरी असते, शेतात मजुरीला जाते. दुसऱ्यांच्या लेकरांना उचलून घेत नाही म्हणे. कुणी हातात दिलंच तर लगेच परत देते — माझ्या हाताला बरं नाही, म्हणते.

तिला तसं का वाटतं ते मला माहीत आहे. तिच्या हातात काही खोट नव्हती. तिने तर विचारलं होतं. त्या गावात, त्या दिवशी, त्या पोरीसाठी जे करायला हवं ते एकट्या तिनेच केलं होतं. नवऱ्याला सांगून ठेवलं होतं, पळत आली होती, आणि ज्याला कळतं असं सगळे म्हणतात त्या माणसाला नीट बघायला सांगितलं होतं.

तिचं माहेर होटगीच्या पुढे दुसरं गाव. माझ्या घरापासून मोटरसायकलने पाऊण तास. घर कुणीही दाखवेल. सहा वर्षं झाली मला हे कळून, आणि मी गेलेलो नाही. हे लिहून झालं म्हणून उद्या जाईन, असंही मी म्हणत नाही. जाणार नाही बहुतेक. ती आजही कामावरून आली असेल, हातपाय धुतले असतील, आणि तिला तेच वाटत असेल जे नऊ वर्षं वाटतंय. आणि मी इथे जेवायला बसेन.